युरिया टाकूनही ऊस पुन्हा पिवळा पडतो? नत्र मुळांखाली उतरत असेल तर काय तपासायचे, काय बदलायचे

लक्षण असे असते. एकरी दोन गोणी युरिया टाकला, पाठोपाठ भरपूर पाणी दिले. आठ-दहा दिवसांत ऊस काळाभोर झाला. चौथ्या-पाचव्या आठवड्यात खालची पाने पुन्हा फिकट पडायला लागली, म्हणून आणखी एक गोणी गेली. पुढच्या वर्षी तेच, आणि गोणी आणखी एक जास्त. अशा रानात संशय आधी खतावर घेतला जातो: युरिया बनावट असेल, कंपनी बदलून बघू, सोबत दुसरे काही टाकू. खरे कारण बहुतेक वेळा खत टाकल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत दिलेल्या पाण्यात असते. पाण्याचा हिशेब न बदलता खताचे वेळापत्रक कितीही सुधारले तरी उपयोग होत नाही. म्हणून आधी पाणी बघायचे आणि खत नंतर.

खालचे आकडे सुरू उसाचे, म्हणजे साधारण जानेवारीत लावलेल्या उसाचे आहेत. केळी, कांदा, हळद यांना मात्रा वेगळ्या लागतील, पण हिशेबाची रीत तीच.

नत्र नेमके कधी निसटते

युरिया पाण्यात विरघळला की पहिले काही दिवस युरियाच असतो. त्याच्यावर विद्युतभार नसल्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. ओल आणि ऊब असेल तर दोन ते सात दिवसांत त्याचा अमोनियम होतो. हा धनभारित असतो, मातीचे चिकण कण ऋणभारित; त्यामुळे काळ्या रानात तो चांगला धरला जातो. पुढे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि आपल्याकडच्या उष्ण जमिनीत हे काम एक ते तीन आठवड्यांत उरकते. नायट्रेट पुन्हा ऋणभारित. पाणी जाईल तिकडे ते जाते.

म्हणजे धोक्याच्या वेळा दोन. पहिली खत टाकल्यापासूनचे दोन-तीन दिवस, तेव्हा युरियाच धुऊन जाऊ शकतो. दुसरी साधारण दुसऱ्या आठवड्यापासून पुढे, पिकाने नायट्रेट उचलून संपवेपर्यंत. ‘खत टाकल्यावर भरपूर पाणी द्यावे म्हणजे ते लागू होते’ हा समज पहिल्याच वेळी नुकसान करतो. युरिया चार-पाच सेंटिमीटर खाली नेऊन मातीआड करायला 10 ते 15 मिलिमीटर पाणी पुरते.

किती पाण्याने नायट्रेट किती खाली जाते, याचा ढोबळ अंदाज बांधता येतो. जमीन भरल्यानंतर जे जादा पाणी खाली झिरपते, त्यातले 50 मिलिमीटर भारी काळ्या जमिनीत नायट्रेट 12 ते 16 सेंटिमीटर खाली ढकलते. हलक्या, मुरमाड जमिनीत तेवढेच पाणी 25 ते 35 सेंटिमीटर ढकलते. उसाची कामाची मुळे 45 ते 60 सेंटिमीटरपर्यंत असतात. हलक्या रानात पाण्याच्या अशा दोन पाळ्या झाल्या की गोणी मुळांच्या हाताबाहेर गेली समजा.

आधी खात्री करा: हे नत्राचेच आहे का

पिवळेपणा कुठून सुरू झाला ते बघा. नत्र कमी पडले तर पीक जुन्या पानांतले नत्र काढून कोवळ्या पानांना देते, म्हणून खालची पाने आधी फिकट होतात आणि टोकाकडून मधल्या शिरेच्या दिशेने वाळत येतात. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या जमिनीत, विशेषतः खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात), हे फार दिसते. त्यावर युरिया टाकणे म्हणजे पैसे वाया. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला 5 ग्रॅम या प्रमाणात फवारा. कोवळी पाने शिरांसकट सगळीच फिकट असतील तर गंधक बघा. एखादेच बेट पिवळे पडून ओढल्यावर सहज हातात आले, तर मुळांशी हुमणी (मुळे खाणारी अळी) शोधा.

आणखी एक घोटाळा भारी रानात होतो. पाणी साचून राहिले तर मुळांना हवा मिळत नाही आणि जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून नत्र वायूच्या रूपाने हवेत सोडतात. ऊस तसाच पिवळा दिसतो, पण नत्र खाली गेलेले नसते, उडालेले असते. यावर उपाय चर काढून निचरा करण्याचा आहे, पाळीचा हिशेब तिथे पुरा पडत नाही.

सरीने पाणी देता त्या रानात पिवळेपणाचा नकाशाच कारण सांगतो. पाटाजवळचा सरीचा तोंडाचा भाग फिकट आणि शेवटाकडचा भाग हिरवा असेल, तर तोंडाशी नत्र धुऊन जात आहे. तिथे पाणी सर्वांत जास्त वेळ मुरते. शेवट फिकट आणि तिथे पाणी तुंबत असेल तर नत्र उडते आहे. शेवट फिकट आणि माती कोरडी असेल तर पाणी पोहोचतच नाही.

माती तपासून पक्के करणे

मृदा आरोग्य पत्रिकेवर ‘उपलब्ध नत्र’ हेक्टरी अमुक किलो असे छापलेले असते. 280 पेक्षा कमी म्हणजे कमी, 560 पर्यंत मध्यम. प्रयोगशाळेतली नेहमीची परमँगनेटची पद्धत सेंद्रिय पदार्थातून सहज सुटणारे नत्र आणि अमोनियम मोजते. नायट्रेट त्यात धरले जात नाही, त्यामुळे पाझर त्या आकड्यात दिसणार नाही. नायट्रेटची चाचणी वेगळी मागावी लागते किंवा शेतातच पट्ट्यांनी करावी लागते. मत्स्यटाकीच्या पाण्यासाठी नायट्रेटच्या पट्ट्या मिळतात, त्या चालतात.

खत टाकून तीन आठवडे झाले की ऑगरने (माती काढायच्या गिरमिटाने) 0 ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 90 सेंटिमीटर असे तीन थर वेगवेगळे काढा. खत ओळीत दिलेले असते, म्हणून एकाच भोकावर विसंबू नका. ओळीपासून कमी-जास्त अंतरावर पाच-सहा भोके घ्या आणि प्रत्येक थराची माती आपापसांत मिसळा. नमुना उन्हात पिशवीत ठेवला तर जिवाणू आकडा बदलून टाकतात. त्याच दिवशी तपासा, नाहीतर बर्फाच्या डब्यात ठेवा.

चाचणी अशी करा. 50 ग्रॅम ओली माती बरणीत घ्या, 100 मिलिलिटर आरओचे किंवा डिस्टिल्ड पाणी घाला, तीन मिनिटे जोरात हलवा. काळी माती तासभर ठेवली तरी खाली बसत नाही आणि गढूळ पाण्यात पट्टीचा रंग कळत नाही. त्यासाठी साध्या पाण्याऐवजी लिटरला दीड ग्रॅम कॅल्शियम क्लोराईड विरघळवलेले पाणी वापरा; काही मिनिटांत वर निवळ पाणी येते. त्यात पट्टी बुडवून वेष्टनावर लिहिलेल्या वेळेनंतर रंग जुळवा. आकड्याची दुप्पट म्हणजे साधारण एका किलो मातीतले नायट्रेट मिलिग्रॅममध्ये. त्याला 4.4 ने भागले की नत्र मिळते. 30 सेंटिमीटरच्या थरात किलोला 1 मिलिग्रॅम नत्र म्हणजे एकरी सुमारे 1.6 किलो.

पट्टी अचूक नाही. पण इथे नेमका आकडा नको आहे, तीन थरांची तुलना हवी आहे. 60 ते 90 च्या थरात वरच्या थरापेक्षा जास्त नायट्रेट निघाले तर शंका उरत नाही. खत टाकण्याआधी एकदा असेच तीन थर तपासून ठेवले असतील तर फरक आणखी स्वच्छ कळतो.

पाणी मोजा

किती पाणी देता, हे विचारले की उत्तर तासांत येते: ‘आठ तास’. तासांना अर्थ आहे तो पंपाचा विसर्ग माहीत असेल तरच. 200 लिटरचा बॅरल पाइपाच्या तोंडाशी धरा आणि किती सेकंदांत भरतो ते बघा. समजा 25 सेकंद लागले, तर सेकंदाला 8 लिटर, तासाला 28,800 लिटर. एक एकरावर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण 4,047 लिटर. 25 मिलिमीटर म्हणजे जवळजवळ नेमके एक लाख लिटर. या पंपाने आठ तासांत 2 लाख 30 हजार लिटर पाणी पडते. एका एकरावर ते 57 मिलिमीटर झाले. मातीच्या पाटात जे मुरते ते यातून वजा करा.

आता जमिनीला किती हवे ते बघू. मध्यम काळी जमीन मीटरभर खोलीत पिकाच्या कामाचे 150 मिलिमीटरच्या आसपास पाणी धरते. मुळे 60 सेंटिमीटर धरली तर 90 मिलिमीटर. त्यातले निम्मे संपल्यावर पाणी द्यायचे, म्हणजे एका पाळीला 45 मिलिमीटर, वरच्या पंपाने सव्वासहा तास. उन्हाळ्यात ऊस दिवसाला 6 मिलिमीटर उचलतो असे धरले तर पाळी सात-आठ दिवसांनी येते. हलक्या मुरमाड जमिनीत मीटरला 80 मिलिमीटर आणि मुळे 45 सेंटिमीटर धरा: 36 मिलिमीटर, त्याचे निम्मे 18. अडीच तास पाणी आणि तीन दिवसांनी पुन्हा.

खरी अडचण इथे आहे. लांब सरीतून 18 मिलिमीटर पाणी देताच येत नाही. शेवटापर्यंत पोहोचेतोवर तोंडाशी 50-60 मिलिमीटर मुरलेले असते. हलक्या रानात पाटपाण्याने नत्राचा पाझर थांबवणे जवळपास अशक्य आहे, फक्त कमी करता येतो. अशा रानात ठिबक आधी करावे. भारी रान आणखी दोन वर्षे सरीवर राहिले तरी चालेल. अनुदानाची रांग लागते, भांडवल एकदम निघत नाही, म्हणून कोणत्या तुकड्याला आधी करायचे हे या हिशेबावर ठरवा.

ठिबक होईपर्यंत सऱ्या आखूड करा. हलक्या जमिनीत 30 ते 40 मीटरच्या पुढे सरी ठेवू नका. पाणी शेवटापर्यंत जायला जो वेळ लागतो तो एकूण पाळीच्या पाव भागाइतका असावा. चार तासांच्या पाळीत तासाभरात शेवट गाठला तर तोंड आणि शेवट यांत फार फरक राहत नाही. त्यासाठी एका वेळी कमी सऱ्या घेऊन प्रत्येकीत धार मोठी सोडा, फक्त माती वाहून जाणार नाही इतपत.

रात्रीच्या लाईटचा प्रश्न वेगळाच आहे. शेतीपंपाला थ्री फेज आठ-दहा तास मिळते, तेही अनेक ठिकाणी आलटून पालटून रात्री. स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो, लाईट आली की पंप सुरू होतो आणि सकाळपर्यंत एकाच वाफ्यात किंवा एकाच व्हॉल्व्हवर चालतो. दारे धरायला रात्री साप-विंचवांत कोणी जावे, हा प्रश्न खरा आहे आणि त्यावरून शेतकऱ्याला दोष देणे चूक आहे. ऑटोच्या जोडीला टायमर बसवा, म्हणजे ठरलेल्या तासांनी पंप बंद होईल. शेततळे किंवा टाकी असेल तर रात्री पाणी वर उचलून ठेवा आणि दिवसा मोजून सोडा. आणि युरिया टाकल्यापासून पुढच्या तीन आठवड्यांत तरी ऑटोवर बेहिशेबी पाणी सोडू नका.

पाणी किती खोल गेले हे बघायला आठ मिलिमीटरची मीटरभर सळई पुरते. पाणी देऊन 24 तास झाले की ती हाताने सरळ दाबा. ओल्या मातीत सहज जाते, कोरडी लागली की अडते. मुरूम किंवा दगड लागला तरी अडते, म्हणून तीन-चार ठिकाणी बघा. दर वेळी सळई मुठीपर्यंत आत जात असेल तर पाणी मुळांच्या खूप खाली चालले आहे.

भेगाळलेल्या रानात युरिया

काळ्या जमिनीबद्दल ‘आमचे रान भारी आहे, खत खाली जात नाही’ असे खात्रीने सांगितले जाते. रान ओले असताना ते बऱ्याच अंशी खरे आहे. पाळी लांबली, बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या, त्यावर युरिया फेकला आणि पाणी सोडले, तर पहिले पाणी माती न भिजवता भेगेतून सरळ तळाला जाते आणि विरघळलेला युरिया सोबत नेते. मातीच्या कणांना नत्र धरायची संधीच मिळत नाही. भारी जमिनीतले मोठे नुकसान असे होते. आधी कोळपणी करून भेगा बुजवा किंवा खताशिवाय हलके पाणी द्या, वाफसा (जादा पाणी उतरून कामाजोगी ओल) येऊ द्या, मग युरिया टाका.

खताचे हप्ते कसे मोडायचे

सुरू उसाची नेहमीची शिफारस हेक्टरी 250 किलो नत्राची, म्हणजे एकरी 100 किलो. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत 46 टक्क्यांप्रमाणे 20.7 किलो नत्र असते, म्हणून सगळे मिळून पाच गोणी. वाटणी अशी: लागणीला 10 टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी 40 टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी 10 टक्के आणि मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाला मातीची मोठी भर देताना, 40 टक्के. लागणीला डीएपीची (डायअमोनियम फॉस्फेटची) एक 50 किलोची गोणी टाकली तर तिच्यातच 9 किलो नत्र येते, तेव्हाचा युरिया वगळा. बांधणीला पुन्हा डीएपी टाकला तर युरिया 20 किलोने कमी करा. ही वजाबाकी फारच थोडे लोक करतात. त्यामुळे शिफारस पाळतो असे म्हणणाऱ्याच्या रानातही नत्र वीसेक किलो जादा पडलेले असते.

चाळीस टक्क्यांचे दोन हप्ते हीच कमजोर जागा. दोन गोणी एकदम पडतात आणि पिकाला एवढे नत्र दोन आठवड्यांत उचलता येत नाही. सहाव्या आठवड्याला एक आणि आठव्या-नवव्या आठवड्याला एक अशी फोड करा. मोठी बांधणी जानेवारीच्या लागणीत मे-जूनमध्ये येते, म्हणजे पावसाच्या तोंडावर. त्या वेळी दोन गोणी मातीआड करून आठ दिवसांत मोठा पाऊस लागला तर काय होते ते वेगळे सांगायला नको. बांधणी मेच्या मध्यापर्यंत उरका, तेव्हा एक गोणी द्या, आणि दुसरी पंधरा-वीस दिवसांनी, रानात शिरता येते तोवर. आडसालीत (जुलै-ऑगस्टच्या लागणीत) हीच अडचण पहिल्या मोठ्या हप्त्याला येते, कारण तो सप्टेंबरच्या पावसात सापडतो. तिथे दोनऐवजी तीन हप्ते केले तरी मजुरीचे पैसे वसूल होतात.

खत वरून फेकू नका. बेटापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर, दोन भोकांत 30 सेंटिमीटर अंतर ठेवून पहारीने 15 सेंटिमीटर खोल भोक घ्या, खत टाका, मातीने बुजवा. चुनखडीच्या, सामू (पीएच) आठच्या वर असलेल्या जमिनीत युरिया उघडा राहिला तर अमोनिया होऊन उडतो. पाझराच्या भीतीने खत टाकून पाणीच न देणारे इथे फसतात. मातीआड केले की दोन्ही वाटा अडतात.

मोठ्या बांधणीनंतर ऊस वरंब्यावर येतो आणि मधे नवी सरी तयार होते. तेव्हापासून एक आड एक सरी भिजवता येते: खत कोरड्या सरीच्या बाजूला, पाणी दुसरीत. सरींची अदलाबदल दहा-बारा दिवसांनंतर. बांधणीच्या आधी मात्र हे जमत नाही, कारण ऊस सरीतच उभा असतो.

निम कोटेड युरियाने नायट्रेट होण्याचा वेग थोडा मंदावतो. तो उपयोगी आहे, आणि आता बाजारात तोच मिळतो. पण 60 मिलिमीटर जादा पाण्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही.

खोडव्यात पाचट ठेवले असेल तर सुरुवातीला ऊस पिवळा दिसणे वेगळ्या कारणाने असते. पाचट कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र स्वतःकडे ओढतात. ते वाया जात नाही, पुढे परत मिळते. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि किलोभर पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धन पाचटावरच टाका, म्हणजे पिकाच्या वाट्याला हात लागत नाही.

ठिबक आहे, तरी ऊस पिवळा

ठिबक बसवले म्हणजे पाझर थांबला असे नाही. पाच फुटांवर नळी, 40 सेंटिमीटरवर 2.4 लिटरचे ड्रिपर असतील तर तासाला सरासरी 4 मिलिमीटर, एकरी सुमारे 16,200 लिटर पाणी पडते. ऐन उन्हाळ्यात दिवसाची गरज 7 मिलिमीटर धरली तर पावणेदोन तास पुरतात. आठ तास चालवले तर 32 मिलिमीटर. हे पाणी सगळ्या रानात पसरत नाही, नळीखालच्या पट्ट्यात पडते. त्या पट्ट्यापुरते ते दुपटीहून जास्त होते आणि नायट्रेट सरळ खाली जाते. दिवसाआड द्यायचे असेल तर साडेतीन तास. चार दिवसांचे पाणी एकदम देऊ नका.

दुसरी चूक खत सोडण्याच्या वेळेची. पंप सुरू केला की लगेच खत सोडायचे आणि पुढे तीन तास साधे पाणी, असे केले तर ते पाणी खताला मुळांपलीकडे ढकलत नेते. पावणेदोन तासांच्या पाळीत आधी 40 मिनिटे साधे पाणी, मग 45 मिनिटे खत, शेवटी 20 मिनिटे पुन्हा साधे पाणी, नळ्या धुण्यापुरते. शेवटच्या ड्रिपरपर्यंत खत पोहोचून नळी साफ व्हायला तुमच्या संचात किती मिनिटे लागतात हे ईसी मीटरने (पाण्यातले क्षार दाखवणाऱ्या यंत्राने) एकदा बघून ठेवा. युरियाचे द्रावण ईसी मीटरवर दिसत नाही, त्यात क्षार नसतात. म्हणून त्या दिवशी विरघळणारे पोटॅश सोडा. शेवटच्या ड्रिपरवर आकडा चढतो, खत संपल्यावर उतरतो, आणि साध्या पाण्याच्या आकड्यावर आला की ती तुमची धुण्याची वेळ.

मात्रा: ठिबकमधून शिफारशीच्या 80 टक्के खत देण्याची पद्धत आहे, म्हणजे एकरी 80 किलो नत्र, 174 किलो युरिया. दर आठवड्याला सारखा वाटण्यापेक्षा पहिले सहा आठवडे 4 किलो, पुढचे चौदा आठवडे 9 किलो आणि शेवटचे सहा आठवडे 4 किलो द्या. फुटवे आणि कांडी वाढण्याच्या काळात पीक खरी उचल करते. 9 किलो युरिया 45 लिटर पाण्यात आदल्या दिवशीच विरघळवा. विरघळताना पाणी बर्फासारखे गार होते आणि मग तळाचा थर लवकर विरघळत नाही. लाईट आल्यावर घाईने ढवळलेले खत अर्धे बादलीतच राहते.

ठिकठिकाणच्या पंधरा-सोळा ड्रिपरखाली पेले ठेवून दहा मिनिटांचे पाणी मोजा. पहिल्या आणि शेवटच्या पेल्यात पाचवा हिस्सा फरक असेल तर खतातही तेवढाच फरक पडतो, आणि कमी मिळणाऱ्या टोकासाठी तास वाढवले की दुसऱ्या टोकाला पाझर सुरू होतो. आधी फिल्टर आणि दाब दुरुस्त करा.

व्हेंचुरीच्या (बादलीतले खत ओढून पाण्यात सोडणाऱ्या साधनाच्या) आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर आजच बसवा. खत सुरू असताना लाईट गेली की पाइपातले पाणी विहिरीकडे उलटे धावते आणि बादलीतले द्रावण ओढून थेट विहिरीत टाकते. पाझराने वर्षभरात जे होते ते इथे दहा मिनिटांत होते.

पाऊस पडून गेल्यावर

मोठ्या पावसानंतर सगळा हप्ता परत टाकू नका. आधी हिशेब करा. पावसाआधी जमीन निम्मी भरलेली असेल तर मध्यम काळ्या रानात पहिले 45 मिलिमीटर पाणी मुळांतच राहते. त्यापुढचे खाली जाते. सरळ भिंतीचा डबा उघड्यावर ठेवला तरी पाऊस मोजता येतो. खत टाकून दहा-बारा दिवस झाले असतील आणि रान भारी असेल तर बराच अमोनियम अजून मातीला धरून असतो. सळई किंवा ऑगर लावून बघा, वाफसा आल्यावर एकरी अर्धी गोणी मातीआड करा आणि पंधरा दिवस वाट बघा. रानात शिरता येत नसेल आणि पीक फारच फिकटले असेल तर 2 टक्के युरियाची, लिटरला 20 ग्रॅमची फवारणी तेवढ्यापुरती चालते. हप्ता टाकण्यापूर्वी ‘मेघदूत’ ॲपवरचा पाच दिवसांचा अंदाज बघायला एक मिनिट लागते. मोठा पाऊस दाखवत असेल तर गोणी घरातच ठेवा.

क्षारपड रानात

शिरोळ, वाळवा भागातल्या खारवट जमिनीत क्षार खाली धुण्यासाठी जादा पाणी द्यावेच लागते. ते पाणी नायट्रेटही नेते, आणि सच्छिद्र पाइपांचा निचरा असेल तर थेट ओढ्याला पोहोचवते. इथे क्रम सांभाळा: धुण्याचे मोठे पाणी लागणीपूर्वी किंवा नत्राच्या हप्त्याच्या आधी द्या. हप्ता टाकल्यावर तीन-चार आठवडे फक्त गरजेपुरते पाणी.

विहीर तपासा

रानाखाली गेलेले नत्र बऱ्याचदा त्याच विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम नायट्रेटची आहे. अहवालावर ‘नायट्रेट’ लिहिले आहे की ‘नायट्रेटमधले नत्र’ ते नीट वाचा. दुसऱ्या पद्धतीत हीच मर्यादा 10 च्या जवळ येते आणि 30 चा आकडा बघून पाणी चांगले आहे असा चुकीचा समज होतो. पावसाळा संपल्यावर एकदा आणि मे महिन्यात एकदा नमुना द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ही चाचणी होते. सोबत जिवाणूंचीही करून घ्या. नायट्रेटबरोबर विष्ठेतले जिवाणू निघाले तर उकिरडा, गोठा किंवा शौचालयाचा खड्डा विहिरीजवळ आहे का बघा. दोष एकट्या रानाचा नसतो.

आकडा 45 आला तर त्या पाण्याच्या प्रत्येक लाख लिटरमधून रानात एक किलो नत्र येते. लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत एकरी 20 लाख लिटर पाणी दिले तर 20 किलो, म्हणजे युरियाची एक गोणी विहिरीनेच दिली. पीक ते सगळे उचलेल असे नाही. पहिल्या वर्षी अर्धी गोणी कमी करून बघा, ऑगरने थर तपासा, मग पुढच्या वर्षी पूर्ण गोणी वगळा.

ते पाणी पिण्यात असेल तर थांबवा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात जादा नायट्रेटमुळे प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, ओठ आणि नखे निळसर दिसतात. अशा वेळी तडक दवाखाना गाठा. बाटलीचे दूध त्या पाण्यात कालवू नका. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, वाफ निघून गेल्यामुळे उलट वाढते. तुरटी, क्लोरीन, साधा कँडल फिल्टर यांचाही उपयोग नाही. आरओने कमी होते, मात्र पडदा वेळेवर बदललेला हवा. त्यातून बाहेर टाकले जाणारे पाणी जास्त तीव्र असते. ते विहिरीजवळ न सोडता नत्र कमी पडणाऱ्या झाडांना घाला.